लॉर्न हॅस्केटची सातवी पातळी

आमच्या ओटावात, कॅनडाच्या राजधानीत, माणूस काय काम करतो हे कोणी विचारत नाही. कितव्या पातळीवर आहे ते विचारतात. सरकारी अर्थशास्त्रज्ञ आणि धोरण विश्लेषक यांची शिडी एक ते आठ. कुठल्या पायरीला किती पगार ते सरकारनेच उघड छापून ठेवलंय. त्यामुळे नुसता आकडा कानावर पडला की समोरच्याला तुमचा पगार कळतो, तुमचं घर शहराच्या कुठल्या अंगाला असेल ते कळतं, आणि तुमच्याशी किती गोड बोलायचं तेही ठरतं. लॉर्न हॅस्केट या विद्येतला पंडित होता. अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्याला आणखी काय येत होतं हे शोधण्यात मी शेजारच्या क्युबिकलमध्ये बरीच वर्षं घालवली. मला तरी काही सापडलं नाही.

मी मॉर्ना. पाचवी पातळी, आणि वर आमच्या कर्मचारी संघटनेची मजल्यावरची प्रतिनिधी. संघटनेचं काम फुकटचं असतं, पण त्यात माणसं आतून बघायला मिळतात. लॉर्न माझी ओळख करून द्यायचा ती अशी: "ही मॉर्ना. पाच." बस्स. माझ्या नवऱ्यालाही त्याने पहिल्या भेटीत पातळीच विचारली. माझा नवरा बस चालवतो. बसच्या ड्रायव्हरला पातळी नसते हे ऐकून लॉर्न थोडा गोंधळला आणि मग सबंध संध्याकाळ त्याच्याशी हवापाण्याबद्दल बोलला.

लॉर्न उंच, किडकिडीत, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, आणि गळ्यात कायम ओळखपत्र. ते तो वाण्याच्या दुकानातही काढत नसे. आमच्या मजल्यावरचा एक जुना सहकारी अचानक गेला. दफनाला आम्ही सगळे बर्फात उभे होतो. पाद्री बोलत होता, त्याची बायको रडत होती, आणि लॉर्न माझ्या कानाशी येऊन हळहळला, "सहावरच राहिला बिचारा." मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

नाताळच्या आधी मजल्यावर सगळ्यांनी घरून काहीतरी करून आणायचं आणि एकत्र जेवायचं, ही आमच्याकडची रीत. सोलांज बेरुबे मोठी मांसाची पाई आणायची, मी बीन्स आणायची, कोणी खजुराच्या वड्या. लॉर्न कागदी रुमाल आणायचा. पाचच्या वरच्यांनी स्वयंपाक करून आणणं बरं दिसत नाही, असं त्याचं मत होतं. खायला मात्र सगळ्यात पुढे. तिथे पातळी आड येत नसे.

आता हा माणूस करायचा काय, ते सांगते. आमचं खातं प्रांतांना रस्ते-पुलांसाठी निधी देतं. कुठल्या प्रांताला किती, कशाच्या बदल्यात, यावर खालचे लोक टिपणं लिहितात. ती टिपणं लॉर्नकडे यायची. लॉर्न त्यातले स्वल्पविराम काढायचा. काही ठिकाणी घालायचा. 'शक्यता आहे' असं कुठे लिहिलेलं दिसलं की 'शक्यता नाकारता येत नाही' असं करायचा. मग वर आपलं नाव टाकून संचालकाकडे पाठवायचा. एवढं करायला त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ लागायचा, आणि घरी जाताना तो खरोखर दमलेला असायचा. स्वल्पविराम मात्र तो फार छान काढायचा, हे मी कबूल करते. त्याच्या हातून गेलेलं टिपण वाचताना कुठे अडखळायला होत नसे.

तो स्वतः सहावर होता, आणि त्याचं सगळं चित्त सातव्या पातळीवर होतं. यामागे निव्वळ मिजास असती तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. पण आमचं निवृत्तिवेतन ठरतं ते नोकरीतल्या सर्वांत चांगल्या पगाराच्या सलग पाच वर्षांवर. लॉर्नची बायको नोरीन शाळेतून निवृत्त होऊन बसलेली. त्यांची कॅलबोगीच्या तळ्यावर एक लाकडी झोपडी आहे. तिथे कायमचं राहायला जायचं हे तिचं एकच मागणं होतं. लॉर्नचं उत्तर ठरलेलं. आधी सात, मग सातवर पाच वर्षं, मग तळं. सात येत नव्हती, त्यामुळे पाच वर्षं सुरूच होत नव्हती. एका नाताळच्या जेवणात नोरीन माझ्या शेजारी बसली होती. तिचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. ती म्हणाली, "अगं, याची सात येईपर्यंत तळं आटेल." ती हसत म्हणाली, पण मला त्याच्यावर संताप आला.

सात मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे कुठेतरी सातची जागा निघाली की अर्ज करायचा. लॉर्नने ते करून पाहिलं. पण आमच्या गावात सातच्या बहुतेक जागांना फ्रेंच लागतं, आणि फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत तो दर वेळी गटांगळ्या खायचा. सरकारी खर्चाने तो वर्षानुवर्षं फ्रेंच शिकला. त्यातून त्याला हवामानाबद्दल तीन वाक्यं यायला लागली. शेवटी त्याच्या डोक्यात दुसरी युक्ती आली. आपण सातच्या खुर्चीवर जायच्या ऐवजी आपली खुर्चीच सातवर न्यायची. आमच्याकडे पातळी माणसाची नसते, खुर्चीची असते. खुर्चीच्या कामाचं वर्णन लिहायचं, ते वर्गीकरणाच्या लोकांकडे पाठवायचं, ते त्याला गुण देतात, आणि गुणांवरून पातळी ठरते. लॉर्नच्या खुर्चीला फ्रेंचची अट मुळात नव्हती. ती चुकूनही येऊ नये याची काळजी घेऊन तो लिहायला बसला.

अडचण एकच होती. स्वल्पविरामांना गुण नसतात. गुण असतात ते वाटाघाटींना, नेतृत्वाला, प्रांतांबरोबरच्या करारांना.

आणि प्रांतांबरोबरचे करार कोण करत होतं, तर सोलांज. ही क्वेबेकमधल्या रिमूस्कीची, नदीकाठच्या गावातली, चाळिशी ओलांडलेली बाई, चौथ्या पातळीवर. बोलायला फटकळ, कामाला वाघ. मुळात या बैठकांना जायचं काम लॉर्नचं होतं. आमचा संचालक वेंडेल याने पहिल्यांदा त्यालाच सांगितलं होतं, फ्रेडरिक्टनला जा, पुलांच्या दुरुस्तीत न्यू ब्रन्सविकने किती वाटा उचलायचा ते बोलून ये. लॉर्नने विचारलं ते काय, तर समोर त्यांच्याकडून कोण बसणार आहे. नाव कळल्यावर त्याने त्या माणसाचा पगार शोधून काढला, आमच्या शिडीशी ताडून पाहिला, आणि नाक मुरडून परत आला. "तो म्हणजे आपल्याकडचा जेमतेम चार," तो मला म्हणाला. "चारसमोर सहाने बसायचं? मग आपली किंमत काय राहिली? चारसमोर चारच पाठवायला हवा." असं म्हणून त्याने सोलांजला पाठवलं. पुढे ती जातच राहिली. फ्रेडरिक्टन, हॅलिफॅक्स, क्वेबेक, फेब्रुवारीतल्या वादळात रद्द झालेली विमानं, महामार्गाकडेची थंडगार मोटेलं, सगळं तिच्या वाट्याला. तिने समुद्राकाठच्या प्रांतांना एका टेबलाशी आणून बसवलं आणि पुलांचा करार करून दाखवला. परत येऊन तिने टिपण लिहिलं. लॉर्नने त्यातले स्वल्पविराम काढले आणि वर आपलं नाव टाकलं.

वर्णन लिहून झाल्यावर तो ते घेऊन माझ्याकडे आला, कारण त्यावर संघटनेचं पाठबळ लागतं. मी वाचलं. या पदावरची व्यक्ती प्रांतांबरोबरच्या वाटाघाटींचं नेतृत्व करते. गुंतागुंतीच्या करारांची रचना करते. परस्परविरोधी बाजूंना एकमतावर आणते. भाषा अशी झोकदार, की वाचताना मला वाटलं, हा माणूस नसता तर हा देश केव्हाच फुटला असता.

मी विचारलं, "लॉर्न, हे तू केव्हा केलंस?"

त्याला माझी कीव आली. "मी नाही गं, पद करतं. वर्णन पदाचं असतं, माणसाचं नसतं. तू संघटनेची प्रतिनिधी, तुला एवढं माहीत नाही?"

नियम म्हणून बघायला गेलं तर त्याचं बरोबरच होतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. सोलांज तेवढ्यात कॉफी घेऊन तिथून जात होती. मी तो कागद सरळ तिच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्या वाचला.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली.

लॉर्न समजावणीच्या सुरात म्हणाला, "सोलांज, तू माझ्या पदाखाली काम करतेस. म्हणजे तू जे करतेस ते माझं पदच करत असतं. हे व्यक्तिगत घेऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या महिन्यात हॅलिफॅक्सला तुमच्या पदालाच पाठवा. मी घरी राहते. मला मुलीला दात दाखवायला न्यायचंय."

महिनाभराने ती खरंच अडून बसली. लॉर्नवर जायची वेळ आली तेव्हा त्याच्या पाठीत उसण भरली. हॅलिफॅक्सची बैठक दुसऱ्या दिवसावर आली तरी आमच्या बाजूची खुर्ची रिकामीच. वेंडेल स्वतः सोलांजच्या क्युबिकलशी जाऊन हात जोडून उभा राहिला, तेव्हा ती गेली. ती विमानात बसल्याचं कळलं त्याच दुपारी लॉर्नची उसण उतरली. तो खिडकीजवळच्या जागेवर उन्हात बसून वर्णनाचा शेवटचा मसुदा तपासत होता.

मी संघटनेतर्फे त्यावर सही केली का, असं कोणी विचारेल. केली. संघटना खुर्च्या वर नेण्यासाठीच असते, आणि लॉर्न गाढव आहे हे सही नाकारायला कारण होत नाही. शिवाय मला बघायचंच होतं हे कुठवर जातं ते.

वर्गीकरणवाल्यांना बराच काळ लागला. त्यांची एक बाई येऊन लॉर्नशी बोलून गेली, वेंडेलशी बोलून गेली. वेंडेलने मान हलवली. संचालक झाल्यापासून वेंडेलने मान हलवण्यापलीकडे फारसं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. उलट हाताखाली सातची खुर्ची असली की त्याचाही भाव वाढणार होता. मग एके सकाळी निकाल आला. खुर्ची सातवर गेली.

त्या दिवशी लॉर्नने केक आणला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात कागदी रुमालाखेरीज काही दिसलं. केकवर निळ्या साखरेने मोठा सात काढलेला होता. त्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांना तुकडे दिले, सोलांजलाही. तिने तो खाल्ला आणि पुन्हा कामाला लागली. नोरीनला त्याने आमच्यासमोरच फोन लावला. पाच वर्षं आजपासून मोजायला घे, म्हणाला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तो मात्र फोन ठेवून बराच वेळ हसत होता, आणि त्या हसण्यात लहान पोराला सायकल मिळावी तसा काहीतरी आनंद होता. तेवढ्यापुरता मला तो बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी वेंडेलने त्याला बोलावलं. संघटनेचा माणूस सोबत असलेला बरा म्हणून मलाही बोलावलं. वेंडेल चाचरत बोलत होता. खुर्ची वर गेली, पण खुर्चीबरोबर माणूस आपोआप वर जात नाही. त्या खुर्चीवर बसायला तो लायक आहे हे दाखवावं लागतं. एरवी संचालक म्हणून तो लॉर्नची थेट नेमणूक करू शकला असता.

"मग कर की," लॉर्न म्हणाला.

"कशी करू?" वेंडेल म्हणाला. "मागे थेट नेमणूक केली होती तेव्हा तूच तक्रार केली होतीस. न्यायाधिकरणापर्यंत गेला होतास. सगळ्यांना संधी मिळाली पाहिजे म्हणून केवढं भाषण केलं होतंस. मला पुन्हा त्यात पडायचं नाही. जागेची जाहिरात निघेल."

हे खरं होतं. वरच्या मजल्यावरच्या एका बाईला जाहिरात न काढता सात दिली म्हणून लॉर्नने तिचं जगणं नकोसं करून सोडलं होतं. त्या काळात न्याय हा शब्द त्याच्या तोंडात दिवसातून इतक्या वेळा यायचा की मला त्या शब्दाचा वीट आला होता. आता तोच न्याय त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

लॉर्न मात्र डगमगला नाही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, काळजी नको, जाहिरात माझ्याच वर्णनावरून निघणार, म्हणजे तीत बसणारा माणूस मीच. आणि झालंही तसंच. कोणता अनुभव आवश्यक आहे ते मनुष्यबळ विभागाने त्याच्या वर्णनातून शब्दाला शब्द उचललं. प्रांतांबरोबरच्या वाटाघाटींचं नेतृत्व केल्याचा अनुभव. करारांची रचना केल्याचा अनुभव. जाहिरातीचा मसुदा मजल्यावर फिरला तेव्हा त्यातले स्वल्पविराम लॉर्ननेच सुधारून दिले.

आमच्याकडे अर्ज करायचा म्हणजे नुसतं 'मला अनुभव आहे' म्हणून चालत नाही. प्रत्येक अनुभवाखाली लिहावं लागतं, कुठे, केव्हा, कोणाबरोबर, तुम्ही स्वतः काय केलंत, काय निघालं. छाननी करणारे लोक दुसऱ्या इमारतीत बसतात. त्यांना तुमचा चेहरा माहीत नसतो, तुम्ही दफनाला रडलात का ते माहीत नसतं, तुमची सहा किती जुनी आहे तेही माहीत नसतं. ते फक्त लिहिलेलं वाचतात. लॉर्नने वर्णनातली वाक्यंच पुन्हा अर्जात उतरवली. एवढी मोठमोठी वाक्यं असताना आणखी काय हवं, असं त्याला वाटलं असावं.

सोलांजने अर्ज केला हे मला नंतर कळलं. मीच तिला विचारलं, तू चारवरून एकदम सातला उडी मारतेस? ती म्हणाली, "का नाही? माझ्याच कामाची जाहिरात दिलीय. वाचून मला वाटलं, अरे, हे तर मीच. मग अर्ज केला."

लॉर्न छाननीतच बाहेर फेकला गेला.

तो माझ्या क्युबिकलशी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्याच खुर्चीसाठी त्याला परीक्षेलासुद्धा बसू देत नव्हते. चूक झालीय, तो सारखं म्हणत होता, कोणीतरी चूक केलीय. नाकारलेल्या उमेदवाराला मनुष्यबळ विभागाकडे जाऊन बोलायचा हक्क असतो. आम्ही दोघं बोलायला गेलो. पलीकडे इलोना नावाची एक तरुण, शांत, कोरड्या आवाजाची बाई होती. तिला कोणाची टर उडवायची नव्हती. तिला नियमाने जेवढं विचारायचं तेवढंच ती विचारत होती.

"वाटाघाटींचं नेतृत्व केल्याचं तुम्ही लिहिलंय," ती म्हणाली. "कुठल्या वाटाघाटी ते लिहिलेलं नाही. एखादी सांगता का?"

"फ्रेडरिक्टनची," लॉर्न म्हणाला. "पुलांची."

"तिथे तुम्ही काय केलंत?"

"माझ्या पदाने नेतृत्व केलं."

इलोनाने त्याच्याकडे पाहिलं. "पदाने नव्हे. तुम्ही. त्या बैठकीला तुम्ही होतात का?"

लॉर्न माझ्याकडे बघायला लागला. संघटनेच्या प्रतिनिधीने अशा वेळी काहीतरी बोलावं ही अपेक्षा रास्तच आहे. पण बोलणार काय? टेबलापलीकडचा माणूस चार आहे म्हणून त्याने जायला नकार दिला होता, हे त्याच्या बाजूने कसं सांगायचं मला कळेना. 

"हॅलिफॅक्स?" इलोनाने विचारलं. "क्वेबेक?"

"पाठ धरली होती," लॉर्न पुटपुटला. मग म्हणाला, "सोलांज गेली होती."

"त्यांचं मी वाचलंय," इलोना म्हणाली. आणि तेवढ्यावर बैठक संपली.

परतताना बसमध्ये तो नियमांच्या मूर्खपणाबद्दल बोलत होता. मला राहवेना. मी म्हटलं, लॉर्न, तू तुझी खुर्ची इतकी उंच केलीस की तिच्यावर चढायला तुझे पाय पोचेनात.  तो बाहेर बघत बसला. नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता आणि लोक पुलावर थांबून ते बघत होते.

सोलांजला सात मिळाली. परीक्षेत, मुलाखतीत, सगळीकडे ती पहिली आली. दुसरं होणार तरी काय होतं? तिने मजल्यावर भलीमोठी पाई आणली, आणि लॉर्नने कागदी रुमाल आणले, सवयीने. आता तिच्या हाताखाली त्याची सोय लावायची होती, कारण त्याची जुनी खुर्ची तिला गेली आणि त्याची सहा एकाएकी काढून घेता येत नव्हती. सहाची एक नवी खुर्ची तयार करून त्याला तिच्यावर बसवलं. मजल्यावरच्या लोकांनी वेंडेलची फार स्तुती केली, किती समजूतदारपणे केलं म्हणून. नव्या खुर्चीचं काम काय, हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नाही. आमच्या गावात तो सहसा येत नाही.

सोलांजच्या डोक्यात आला. पहिल्याच आठवड्यात तिने लॉर्नला बोलावलं. ती अजूनही त्याला तुम्हीच म्हणायची. त्याने मला नंतर सांगितलं ते असं: ती म्हणाली, तुमच्या या खुर्चीचं वर्णन कुठे नाही. ते वर्गीकरणाला पाठवायचंय. तुम्ही लिहून द्या. मात्र पदाचं नको, तुमचं लिहा. तुम्ही खरंच जे करता तेवढंच.

यात तिने सूड घेतला असं काही जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. तिला फक्त माहिती हवी होती. कामाच्या माणसांना ती हवी असते.

नोरीनने मला फोन केला. आता सात गेलीच आहे, तर आता तरी येईल ना हा तळ्यावर, असं तिने विचारलं. तिने सामान बांधायला घेतलं होतं. मी तिला म्हटलं, येईल. तिला दुसरं काय सांगणार?

पण लॉर्न कुठला जातोय. निवृत्त व्हायचं म्हणजे गळ्यातलं ओळखपत्र काढून द्यावं लागतं. त्याला आता नवीनच धास्ती लागली होती, की वर्णन खरं लिहिलं तर हाताशी असलेली सहाही जाईल. त्याने वाक्यं जुळवून पाहिली, पण प्रत्येक वाक्यात सोलांज निघायची, नाहीतर दुसरं कोणीतरी. दिवसचे दिवस तो संगणकासमोर बसून होता. मग एका दुपारी तो आमच्या मधल्या पार्टिशनवरून डोकावला. त्याने आवाज खाली आणला होता.

"मॉर्ना," तो म्हणाला, "मी काय काम करतो गं?"

या प्रश्नाची उत्तरं मी वर्षानुवर्षं तयार करून ठेवली होती. एकाहून एक बोचरी. मजल्यावरच्या बायकांना मी ती जेवणाच्या सुट्टीत ऐकवलीही होती आणि त्या पोट धरून हसल्या होत्या. पण तो चेष्टेने विचारत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी त्याला खरं सांगितलं. दुसऱ्यांनी लिहिलेली टिपणं वाचतोस, त्यातले स्वल्पविराम सुधारतोस, आणि वर पाठवतोस. चांगलं करतोस, असंही मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं. कागद जरा लांब धरून वाचलं. कुठल्याही पदाचं वर्णन दाखवा, नजर टाकल्याबरोबर पातळी सांगायची, ही विद्या त्याच्याइतकी मजल्यावर कोणाला येत नव्हती. सगळा मजला त्याच्याकडून आपापल्या खुर्चीची पातळी अजमावून घ्यायचा, आणि तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

"तीन," तो म्हणाला. पुन्हा एकदा वाचून म्हणाला, "फार तर तीन."

मग त्याने पेन काढलं आणि त्या ओळीतला 'आणि'च्या आधीचा स्वल्पविराम खोडला.